वाद्याचे माप आणि वादकाचा देह

मिरजेच्या तंतुवाद्यनिर्मितीचा इतिहास एकोणिसाव्या शतकापर्यंत मागे जातो. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार समाजातील फरीदसाहेबांनी तेथे या व्यवसायाची पायाभरणी केली. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन लाभले. तेथील कारागीर सर्वांसाठी एकाच मापाचा तंबोरा घडवीत नाहीत. पुरुषांच्या खालच्या पट्टीसाठी मोठा, स्त्रियांच्या उंच पट्टीसाठी लहान, अशी त्यांची रीत आहे. माणूस पाहून वाद्य निवडावे, हा धडा गिटार घेताना मात्र आपल्याला विसरायला होतो.

सातारा-सांगलीकडील अनेक पालक पोटाला चिमटा काढून पाल्यासाठी पोलादी तारांची गिटार घेतात. गणवेशाप्रमाणे तीही वाढत्या अंगाची घेतली जाते. काही महिन्यांत मुलाचे खांदे व बोटे दुखू लागतात, गिटार कोपऱ्यात जाते आणि ‘याच्या हातात कला नाही’ असा निवाडा होतो. गुण जन्मावरून ठरतो असे ज्या समाजाला पिढ्यान्पिढ्या ऐकविले गेले, त्या समाजातील मुलाच्या मनावर असा निवाडा खोल उमटतो. म्हणून दोष मुलाचा की मापाचा, हे आधी तपासणे आम्हांस अगत्याचे वाटते.

बाजारात सर्वाधिक दिसणारी मोठी गिटार ‘ड्रेडनॉट’ नावाने ओळखली जाते. हे नाव १९०६ च्या ब्रिटिश युद्धनौकेवरून आले. अमेरिकेतील मार्टिन कंपनीने १९१६ मध्ये हा आकार प्रथम डिटसन या विक्रेत्यांसाठी घडविला. तिची रुंदी सुमारे ४० सें.मी. व खोली सुमारे १२ सें.मी. असते. खर्ज भरदार असल्याने समूहगायनाच्या साथीस ती उत्तम. परंतु लहान चणीच्या वादकास ती कवेत मावत नाही. ‘ट्रिपल-ओ’ आकार रुंदीला सुमारे ३८ व खोलीला साधारण १०.५ सें.मी. असतो, तर ‘डबल-ओ’ सुमारे ३६ सें.मी. रुंद असतो. यांचा आवाज तुलनेने हलका, पण स्पष्ट व समतोल असतो. लहान मुलांसाठी पाऊण मापाची गिटारही मिळते.

परीक्षा सोपी आहे. बिनहाताच्या खुर्चीवर पाल्यास ताठ बसवावे. गिटारची कंबर उजव्या मांडीवर ठेवून उजवा हात वरून तारांवर सोडावा. खांदा वर उचलला गेला, किंवा पडदे पाहण्यासाठी पाठ वाकली, तर ते माप मोठे समजावे. डावा हात पहिल्या पडद्यापर्यंत नेताना कोपर सरळ ताणले जाऊ नये. डावखुऱ्या मुलासाठी डावखुरी गिटार घेतल्यास हीच परीक्षा उलट हातांनी करावी. पाच मिनिटे बसवून मगच निर्णय घ्यावा. कारण अवघडलेपण पहिल्या क्षणी जाणवत नाही.

बोटे दुखण्याचे कारण मात्र नेहमी आकारच असतो असे नाही. बाराव्या पडद्यापाशी तारांची उंची साधारण २ ते २.५ मि.मी. असावी. ती फार अधिक असल्यास जाणकाराकडून घोडीपट्टी उतरवून घ्यावी आणि नवशिक्यास बारीक तारांचा संच लावावा. एवढे करूनही मुलाला गोडी लागली नाही, तर ती त्याची आवड-निवड समजावी. पण दुखऱ्या खांद्यावरून त्याच्या गुणाची परीक्षा कोणी करू नये. खरेदीच्या दिवशी पाल्याला दुकानात सोबत न्यावे, ही आमची पालकांना विनंती आहे.