स्वस्त तिकीट, दुर्मीळ जागा : दूर पल्ल्याच्या प्रवासाचे अर्थकारण

दिब्रुगड ते कन्याकुमारी हे सुमारे ४,२०० किलोमीटरचे अंतर विवेक एक्सप्रेस तीन दिवसांहून अधिक काळात पार करते. आसामातून केरळकडे रोजगारासाठी निघालेला कामगार आणि सुटीत देश पाहण्यास निघालेला विद्यार्थी असे दोघेही या गाडीत असू शकतात. अल्प उत्पन्नाच्या नागरिकास एवढा प्रवास कसा परवडतो, त्याचा भार कोण उचलतो आणि तिकीट स्वस्त असूनही जागा का मिळत नाही, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

रेल्वे आणि मोटार : खर्चाची तुलना

भारतीय रेल्वेची भाडेपद्धती ‘टेलिस्कोपिक’ आहे. म्हणजेच अंतर वाढत जाते तसा प्रति किलोमीटर दर कमी होत जातो. त्यामुळे मुंबई ते हावडा हे थेट तिकीट मुंबई-नागपूर आणि नागपूर-हावडा अशा दोन तिकिटांपेक्षा स्वस्त पडते.

मोटारीच्या खर्चाला अशी उतरती श्रेणी नसते. मुंबई-दिल्ली हे अंतर सुमारे १,४०० किलोमीटर आहे. मोटार लिटरमागे १५ किलोमीटर धावते आणि पेट्रोलचा दर लिटरला १०० रुपये आहे असे गृहीत धरल्यास इंधनावरच सुमारे ९,३०० रुपये खर्च होतात. चार प्रवाशांत विभागूनही प्रत्येकी २,३०० रुपयांहून अधिक खर्च येतो; पथकर आणि मुक्काम वेगळाच. शयनयान श्रेणीचे भाडे मात्र हजार रुपयांच्या आत आहे.

याचा अर्थ रस्ते गौण ठरतात असा नव्हे. दिल्ली, मुंबई, चेन्नई व कोलकाता यांना जोडणाऱ्या ५,८४६ किलोमीटरच्या सुवर्ण चतुष्कोनाने महानगरे जवळ आणली, तर २००० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेने खेड्यांना बारमाही रस्ते दिले. दूरचा पल्ला रेल्वेने आणि स्थानकापासून गावापर्यंतचे अंतर बस वा सामायिक जीपने, अशी ही परस्परपूरक व्यवस्था आहे.

भार कोण उचलतो?

रेल्वे मंत्रालयाने संसदेत दिलेल्या माहितीनुसार २०२२-२३ मध्ये प्रवासी भाड्यावर ५६,९९३ कोटी रुपयांचे अनुदान देण्यात आले. सरासरीने १०० रुपये खर्चाच्या सेवेसाठी प्रवाशाकडून ५४ रुपये घेतले गेले. ही तूट मुख्यत्वे मालवाहतुकीच्या उत्पन्नातून भरून काढली जाते. एका ग्राहकवर्गाकडून अधिक दर घेऊन दुसऱ्यास सवलत देण्याच्या या पद्धतीस ‘क्रॉस-सबसिडी’ म्हणतात.

या पद्धतीची किंमतही मोजावी लागते. मालभाडे चढे राहिल्याने माल रस्त्याकडे वळण्यास उत्तेजन मिळते. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकाच्या आरंभी मालवाहतुकीत रेल्वेचा वाटा ८० टक्क्यांहून अधिक होता. तो घटून सुमारे २७ टक्क्यांवर आल्याची नोंद राष्ट्रीय रेल्वे योजनेत आहे. शिवाय कोळसा आणि सिमेंट यांवरील वाढीव मालभाडे वीज व घरबांधणीच्या खर्चात उतरते. म्हणजे सवलतीचा काही भाग गरीब प्रवासी ग्राहक या नात्याने स्वतःच भरत असतो. राकेश मोहन समिती (२००१) आणि बिबेक देबरॉय समिती (२०१५) यांच्या अहवालांचा अभ्यास या संदर्भात उपयुक्त ठरेल.

रांग हीच किंमत

दर कमी आणि पुरवठा अपुरा असेल तर वाटप पैशाने न होता रांगेने होते. प्रतीक्षा यादी हे त्याचेच रूप होय. १ नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षणाची मुदत १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आणण्यात आली. तथापि, दोन महिने आधी रजेची शाश्वती नसलेल्या रोजंदारीच्या कामगारास अखेर अनारक्षित डब्याचाच आधार असतो. याच डब्यांच्या तिकीटविक्रीच्या आकडेवारीवरून २०१६-१७ च्या आर्थिक पाहणीने २०११ ते २०१६ या काळात दरवर्षी सुमारे ९० लाख लोकांनी कामानिमित्त आंतरराज्य स्थलांतर केल्याचा अंदाज मांडला होता.

सामान्य प्रवाशाच्या सोयीचा प्रश्न जुनाच आहे. तिसऱ्या वर्गातील हालअपेष्टांविषयी महात्मा गांधींनी १९१७ मध्ये लिहिले होते. १९७४ मध्ये तिसरा वर्ग रद्द झाला. पुढे प्रा. मधु दंडवते रेल्वेमंत्री असताना (१९७७-७९) द्वितीय श्रेणी शयनयानातील लाकडी बाकांवर गाद्या बसविण्यास प्रारंभ झाला. ३० डिसेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या बिगर-वातानुकूलित अमृत भारत एक्सप्रेस गाड्या याच दिशेने टाकलेले पाऊल होय. समर्पित मालवाहतूक मार्गिकांमुळे मालगाड्या वेगळ्या रुळांवर गेल्या की जुन्या मार्गांवर प्रवासी गाड्यांना अधिक वाव मिळतो. त्या वावाचा किती भाग सामान्य श्रेणीच्या डब्यांना मिळतो, यावर या उपायाचे सामाजिक मोल ठरेल.

निष्कर्ष

परवडणारे भाडे आणि प्रत्यक्ष उपलब्ध जागा या दोन भिन्न बाबी आहेत. केवळ भाडे गोठवून प्रवासाची समान संधी मिळत नाही आणि केवळ भाडेवाढ केल्यास सर्वांत दुर्बल प्रवासी बाहेर फेकला जातो. सवलतीचा भार उघडपणे अर्थसंकल्पात दाखविणे आणि सामान्य डब्यांची संख्या वाढविणे, हा त्यातील मध्यममार्ग होय. ‘रेल्वे ही व्यापारी संस्था की सामाजिक सेवा?’ अशा प्रश्नाचे उत्तर लिहिताना विद्यार्थ्यांनी एकच बाजू न घेता भाडे, मालवाहतूक आणि क्षमता या तिन्हींचा परस्परसंबंध मांडावा.