निमजचे नामदेवराव जाधव

शौर्याच्या कथा वाचतांना आपलें मन सहज दूरच्या देशांकडे धांवतें. परंतु जगांतील अत्यंत मानाच्या पदकांपैकीं एक मिळविणारा पुरुष आपल्याच जिल्ह्यांत जन्मला, हें आपल्यापैकीं किती जणांस ठाऊक आहे? त्यांच्या चरित्राचा आज आपण थोडा अभ्यास करूं.

नामदेवराव जाधव यांचा जन्म १८ नोव्हेंबर १९२१ रोजीं निमज या गांवीं झाला. आपला अहमदनगर जिल्हा, ज्यास आतां अहिल्यानगर म्हणतात, हा पर्जन्यछायेचा मुलूख. नामदेवरावांच्या बालपणीं, १९२६ सालीं, प्रवरेवरील भंडारदऱ्याचें धरण पुरें झालें. कालव्याखालच्या शेतांस पाणी मिळालें; पण कोरडवाहू शेतकऱ्याची नजर आभाळाकडेच राहिली. अशा गांवांतून पुष्कळ तरुण सैन्यांत जात. दुसऱ्या महायुद्धांत हिंदी सैन्याची संख्या पंचवीस लाखांच्या घरांत गेली. घरचा एक कर्ता पुरुष पलटणींत गेला, म्हणजे नांगर, मोट व गुरेंढोरें यांचा भार वृद्ध आईबाप, भाऊ आणि स्त्रिया यांच्यावर पडे.

नामदेवराव पांचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या पलटणींत शिपाई होते. एप्रिल १९४५ मध्यें ही पलटण इटलींत सेनिओ नदीपाशीं जर्मन सैन्यासमोर उभी होती. ही नदी तेथें अवघी पंधरा फूट रुंद व चार-पांच फूट खोल. आपल्याकडील एखाद्या ओढ्याएवढी म्हणावी. परंतु दोन्ही तीरांस तीस-पस्तीस फूट उंचीचे पूररोधक बांध होते. पुरापासून रक्षण करणारे तेच बांध पोखरून शत्रूनें आंत मशीनगनी ठेवल्या होत्या आणि उतारावर सुरुंग पेरले होते.

९ एप्रिलच्या सायंकाळीं हल्ला झाला. नामदेवराव कंपनीचे निरोपे होते. अधिकाऱ्याचे हुकूम इतर तुकड्यांस पोंचविणें हें त्यांचें काम. त्यांची टोळी पाणी ओलांडून पलीकडे निघते न निघते, तोंच पूर्वेकडील बांधांतून तिच्यावर गोळ्यांचा वर्षाव झाला. जवळजवळ सर्व सोबती ठार किंवा जखमी झाले. तेव्हां नामदेवरावांनीं एका जखमी सोबत्यास उचललें, पाण्यांतून व सुरुंगांतून तो उभा चढ चढून त्यास सुरक्षित जागीं नेलें, आणि पुन्हां खालीं येऊन दुसऱ्यासहि तसेंच नेलें. त्यानंतर तिसऱ्यांदा बांध ओलांडून त्यांनीं शत्रूच्या पहिल्या मोर्च्यावर झडप घातली. हातास गोळी लागून बंदूक चालविणें अशक्य झालें, तेव्हां हातबॉम्ब घेऊन आणखी दोन मोर्चे त्यांनीं बंद पाडले. शेवटीं बांधाच्या माथ्यावर उघड्यावर उभे राहून त्यांनीं मराठ्यांची रणगर्जना केली व मागील कंपन्यांस पुढें बोलाविलें. त्या वेळीं त्यांचें वय तेवीस वर्षांचें होतें.

या पराक्रमाबद्दल त्यांस व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. हें पदक १८५६ सालीं निघालें. हिंदी शिपायांस तें मिळण्याची मोकळीक १९११ सालीं झाली. इटलीच्या मोहिमेंत हिंदी सैन्यांतील सहा वीरांस तें लाभलें, त्यांपैकीं दोघे याच रेजिमेंटचे. दुसरे कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड, जिल्ह्यांतील यशवंत घाडगे हे १० जुलै १९४४ रोजीं धारातीर्थीं पडले. त्यांचें पदक घरीं आलें, ते स्वतः आले नाहींत.

आतां या कथेंतील क्रम लक्षांत घ्या. तीन मोर्चे जिंकल्याची कीर्ति मोठी; पण त्याआधीं दोन माणसें वांचविलीं गेलीं. जखमी शिपाई एकटा नसतो. त्याच्यामागें त्याच्या वाटेकडे डोळे लावून बसलेलें घर असतें. नामदेवरावांनीं प्रथम त्या घरांचें माणूस राखलें आणि मग शस्त्र उचललें. आमच्या मतें हाच या चरित्राचा मुख्य धडा होय.

पुढें नामदेवराव हवालदार झाले. २ ऑगस्ट १९८४ रोजीं पुणें येथें त्यांचें निधन झालें.

आपल्या प्रांतांतील कित्येक गांवांत, येथून इतकीं माणसें पहिल्या महायुद्धास गेलीं, असें सांगणाऱ्या शिला आहेत. सुटींत गांवीं जाल तेव्हां अशी शिला आढळल्यास क्षणभर थांबा. मग एखाद्या वृद्ध माणसाजवळ बसून विचारा, "तो शिपाई गेल्यावर त्याचें शेत कोणीं केलें?" त्या उत्तरांत जीं नांवें येतील, तीं कोणत्याहि शिलेवर कोरलेलीं नसतील, तीं आपल्या वहींत उतरून ठेवा.