बेघर असणे हा गुन्हा नव्हे

दसरा-दिवाळी आटोपली की बीड जिल्ह्यातील केज तालुक्याच्या गावागावांतून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे निघतात. पुढील पाच-सहा महिने उसाच्या फडाजवळची कोपी हेच त्यांचे घर असते. याच जिल्ह्यात गावाबाहेर किंवा गायरानावर पाल ठोकून राहणारी पारधी कुटुंबेही आहेत. पक्के छप्पर दोघांनाही नाही. तरीही मजुराकडे कष्टकरी म्हणून पाहिले जाते आणि पालातील माणसाकडे संशयाने. हा फरक मुख्यतः कायद्याने निर्माण केला आहे.

कायद्याची पार्श्वभूमी

इंग्रज सरकारने १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला. पुढे १९११ च्या कायद्याने त्याची व्याप्ती देशभर वाढविली. विशिष्ट जमातीत जन्म होणे एवढेच गुन्हेगार ठरण्यास पुरेसे झाले. नोंदणी, पोलिसांपुढे हजेरी आणि परवान्याशिवाय गाव सोडण्यास मनाई अशी बंधने आली. सोलापुरात अशा जमातींसाठी कुंपणाची वसाहत होती. केज त्या वेळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. पण भटक्यांच्या वाटा संस्थानाच्या सीमेपाशी थांबत नव्हत्या, आणि त्यांच्यामागचा संशयही थांबत नव्हता. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला. तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळला जातो.

मात्र कायदा गेला तरी त्यामागील विचार गेला नाही. १९५९ मध्ये, मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात असताना, भीक मागण्यास प्रतिबंध करणारा अधिनियम झाला. त्यात भीक मागण्याची व्याख्या हात पसरण्यापुरती नाही. उपजीविकेचे उघड साधन नसताना, भिक्षेवर जगत असावा असे वाटेल अशा रीतीने सार्वजनिक जागी फिरणे किंवा राहणे, हेही तिच्यात मोडते. अशा व्यक्तीस वॉरंटाशिवाय अटक करता येते आणि पहिल्याच वेळी एक ते तीन वर्षे संस्थेत ठेवता येते. म्हणजे एखाद्याने काय केले, यापेक्षा तो कसा दिसतो व कोठे झोपतो, याला महत्त्व आले.

न्यायालयांची भूमिका

मुंबईतील पदपथवासीयांच्या प्रकरणात, ऑल्गा टेलिस खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. ही माणसे गुन्हा करण्याच्या हेतूने नव्हे, तर परिस्थितीच्या रेट्यामुळे पदपथावर राहतात, हे न्यायालयाने मान्य केले. तथापि नोटीस देऊन पदपथ मोकळे करण्याचा महापालिकेचा अधिकारही कायम ठेवला. ऑगस्ट २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने भीक मागण्यास गुन्हा ठरविणाऱ्या तरतुदी दिल्लीपुरत्या घटनाबाह्य ठरविल्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तुरुंग नियमावल्यांतील जातिभेद रद्द केला आणि विमुक्त जमातींना सवयीचे गुन्हेगार समजण्याच्या प्रथेवर बोट ठेवले.

धोरणावर होणारा परिणाम

बेघरपणाला गुन्ह्याची छाया असली की बेघर माणूस सरकारी कर्मचाऱ्यापासून दूर राहतो. परिणामी त्याची गणना अपुरी होते आणि गणनेवर आधारलेल्या योजनाही तोकड्या पडतात. २०११ च्या जनगणनेत देशात १७ लाखांहून अधिक व महाराष्ट्रात सुमारे २ लाख १० हजार बेघर व्यक्ती नोंदल्या गेल्या. त्यांची मोजणी एकाच रात्रीत झाली होती, हे लक्षात घेतले पाहिजे.

दुसरा परिणाम कागदपत्रांचा. पारध्यांचा समावेश अनुसूचित जमातींत आहे. जातीच्या दाखल्यासाठी त्यांना ६ सप्टेंबर १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा द्यावा लागतो. विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी ही तारीख २१ नोव्हेंबर १९६१ आहे. ज्यांना कोणतेही गाव ठरू देत नव्हते, त्यांच्याकडेच गावाचा पुरावा मागितला जातो. दाखला नाही म्हणून घरकुल नाही, घरकुल नाही म्हणून पत्ता नाही, आणि पत्ता नाही म्हणून पुन्हा संशय, असे हे चक्र आहे.

गावपातळीवर काय करता येईल?

घर नसलेल्या नागरिकाची नोंद करणे शासनाला अशक्य नाही. बेघर व्यक्तीचे नाव मतदार यादीत घेताना मतदान केंद्रस्तरीय अधिकारी रात्री प्रत्यक्ष जागेवर जाऊन ती व्यक्ती तेथे झोपते याची खातरजमा करतो. पत्त्याचा कागद मागत नाही. हीच दृष्टी इतर कामांतही ठेवता येईल. पालावरील कुटुंबांची नोंद ग्रामपंचायतीने स्वतः जाऊन घ्यावी. शबरी घरकुल योजना व यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजना यांसाठी पात्र कुटुंबांची यादी ग्रामसभेपुढे ठेवावी. गायरानावरील वस्ती हटविण्याचा प्रश्न आला, तर ती माणसे कोठे जातील याचा विचार आधी व्हावा. ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी जशी हंगामी वसतिगृहे चालविली जातात, तसेच पालावरील मूल शाळेत टिकावे म्हणून शिक्षकांनी लक्ष द्यावे. आणि गावात चोरी झाली की प्रथम पालाकडे बोट दाखविण्याची सवय सरपंच व पोलीस पाटील यांनी मोडावी.

कोपीत राहणाऱ्या मजुराला गाव आपला मानते, कारण त्याचे नाव गावच्या दप्तरात असते. पालातील माणसाचे नाव त्याच दप्तरात आले, तर त्याच्याकडे पाहण्याची दृष्टी बदलण्यास तेथूनच प्रारंभ होईल.