तागे तपासताना नजर का चुकते?



कापडाच्या धंद्यात आमची बरीच वर्षे गेली. धुळ्याच्या यंत्रमागांवरचा माल जळगावला आमच्या दुकानी येतो. एकदा गिऱ्हाइकाने पाच तागे परत आणले. आत उभे धागे तुटलेले होते. ज्या गड्याने माल तपासला होता त्याची मजुरी आम्ही कापली. तो एवढेच म्हणाला, "सेठ, त्या दिवशी तेलाचे डाग फार होते." आम्हाला ती सबब वाटली. पुढे वाचनात आले, तेव्हा चूक आमचीच होती हे समजले.

1994 साली अमेरिकेच्या हार्वर्ड विद्यापीठातील व्हेरा माल्कोविच व केन नाकायामा यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. पडद्यावर तीन आकृत्या. दोन एका रंगाच्या, एक निराळी. कधी दोन हिरव्यांत एक तांबडी, कधी उलट. निराळी शोधायची आणि तिचा उजवा कोपरा छाटला आहे की डावा, ते सांगायचे. मागच्या वेळचाच रंग पुन्हा आला तर उत्तर लवकर येई, बदलला तर उशीर होई. हा असर मागच्या पाच ते आठ खेपांचा राहतो. रंग आता बदलणार हे ठाऊक असूनही माणसाला तो टाळता आला नाही.

आमच्या धंद्यात याचा अर्थ असा. डाग शोधून शोधून नजर डागावर बसली, की तुटका धागा तिला उशिरा दिसतो. आणि कापड तर टेबलावरून सरकत असते. उशीर झाला की दोष निघून गेला.

चांगल्या मालातही धोका आहे. 2005 साली जेरेमी वुल्फ व त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसांना गर्दीच्या चित्रांत ठराविक वस्तू शोधायला लावल्या. निम्म्या चित्रांत वस्तू होत्या तेव्हा शेकडा 7 सुटल्या. शंभरांतील एकाच चित्रात होती तेव्हा शेकडा 30 सुटल्या. बराच वेळ काही सापडले नाही, की माणूस "काही नाही" म्हणण्याची घाई करतो.

यावर आम्ही दुकानात हे ठरविले आहे :

1) महाग माल दोनदा पाहावा, एका फेरीत डाग, दुसऱ्या फेरीत धागा.

2) डाग, गाठ, भोक, तुटका धागा यांचे नमुने टेबलाशी टांगावेत. चार-पाच ताग्यांनंतर सर्वांवर नजर फिरवावी.

3) चांगल्या ढिगात मुद्दाम एखादा दोषाचा तुकडा घालावा. सापडला की सुटला, ते गड्याला तेथेच सांगावे.

4) मजुरी कापण्यापूर्वी त्या दिवशी माल कसा होता, ते विचारावे.

त्या गड्याची कापलेली मजुरी आम्ही परत दिली. तो आजही आमच्याच टेबलावर आहे. नजर हीच त्याची कमाई. तिची मर्यादा ओळखणे मालकाचे काम आहे. विचार व्हावा.