यात्रेच्या गाडीतला गॅस

अक्षय तृतीया जवळ आली की वाशिम, रिसोड, कारंजा, मंगरूळपीर इथून चारधामच्या गाड्या निघू लागतात. चाळीस-पन्नास माणसं, दोन आचारी, तुरीच्या डाळीचं पोतं, लोणच्याच्या बरण्या, हंडे-पातेली आणि सामानाच्या कप्प्यात गॅस. मोटरहोम, म्हणजे आतच झोपायची-रांधायची सोय असलेली गाडी, आपल्याकडे अजून नवलाईचंच वाहन आहे. महाराष्ट्र सरकारनं 2021 मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तरी वाशिमच्या रस्त्यावर अशी गाडी दिसली तर पोरं मागे धावतील. फिरतं स्वयंपाकघर मात्र इथं कुणाला नवं नाही. रामनवमीला पोहरादेवीला येणाऱ्या बंजारा कुटुंबांच्या टेम्पोत डोकावलं तरी शेगडी-सिलिंडर सापडतो.

रिसोडकडचे एक आचारी काका बरीच वर्षं अशा यात्रांवर स्वयंपाक करतात. गॅसचा विषय निघाला की ते बद्रीनाथची पहाट सांगतात. “सिलिंडर हलवला तं आत गॅस डुचमळते, अन् भट्टी मात्र मिणमिण करते. पन्नास लोकांचा चहा व्हाचा होता. पोऱ्या म्हणे, काका, आडवा करू का? म्या म्हटलं, हात लावशील तं पाय!” सिलिंडर पाव भागाहून जास्त भरलेला होता. गळती नव्हती, रेग्युलेटरही ठीक होता. गाडीतल्या कुणीतरी ‘कमी गॅस भरलेला दिसतो’ असा निकालही देऊन टाकला. गॅस कमी नव्हता. थंडी होती.

स्वयंपाकाच्या गॅसमध्ये मुख्यतः दोन वायू असतात, ब्युटेन आणि प्रोपेन. सिलिंडरमध्ये ते दाबाखाली द्रवरूपात राहतात आणि द्रवाची वाफ होईल तसे शेगडीकडे जातात. ब्युटेन उणे अर्ध्या अंशाला उकळतो, प्रोपेन उणे 42 अंशांना. म्हणजे पारा शून्याला टेकला की ब्युटेन सिलिंडरातच बसून राहतो. प्रोपेन मात्र लडाखच्या हिवाळ्यातही बाहेर यायला तयार असतो. आपल्या लाल सिलिंडरमध्ये या दोघांचं मिश्रण असतं. वाशिमच्या थंडीत त्यानं कधी दगा दिलेला नाही, कारण इथला पारा फार तर आठ-दहा अंशांपर्यंत उतरतो.

बद्रीनाथ सुमारे 3,100 मीटरवर. दारं उघडण्याच्या दिवसांत तिथल्या रात्री शून्याच्या आसपास असतात. त्यात मिश्रणाची एक खोड आहे. वाफ होताना प्रोपेन आधी आणि जास्त निघून जातो, मागे ब्युटेन साचत जातो. म्हणून नवा सिलिंडर थंडीतही झकास पेटतो आणि तोच सिलिंडर तळाला आला की रुसतो. शिवाय वाफ होताना द्रव स्वतःची उष्णता घालवतो. घरच्या शेगडीला हे जाणवत नाही, पण मोठी भट्टी भराभर गॅस ओढते तेव्हा सिलिंडरच्या पोटाला बाहेरून दव आणि मग चक्क बर्फ धरतो. तापमान आणखी उतरतं, दाब आणखी पडतो. उंचीवर हवेचा दाब कमी असल्यामुळे ब्युटेन थोडा लवकर वाफ होतो, एवढाच काय तो दिलासा. पण त्याच उंचीमुळे बद्रीनाथला पाणी नव्वद अंशांच्या आसपासच उकळतं. उघड्या पातेल्यात तुरीची डाळ शिजता शिजत नाही आणि गॅस जास्त जळतो तो वेगळाच. काकांच्या गाडीत आता दोन मोठे कुकर असतात.

अशा वेळी माणसं जे उपाय करतात, खरी भीती त्यांचीच. सिलिंडर आडवा किंवा उलटा केला की वाफेऐवजी द्रव रेग्युलेटरमध्ये शिरतो आणि भट्टीतून हातभर ज्वाळा उसळते. उकळतं पाणी ओतणं, खाली निखारे सरकवणं, ब्लो-टॉर्चनं शेकणं हेही लोकांनी करून पाहिलेलं आहे. काकांची रीत साधी आहे. एकाच सिलिंडरवर दोन भट्ट्या लावायच्या नाहीत. दोन सिलिंडर आलटून पालटून वापरायचे, म्हणजे एकाला ऊब धरायला वेळ मिळतो. भरलेला पहाटेसाठी राखायचा आणि तळाला आलेला दुपारच्या उन्हात संपवायचा. फारच अडलं तर हाताला सोसेल इतक्या कोमट पाण्याच्या परातीत सिलिंडर उभा ठेवायचा, भट्टीपासून लांब.

मग प्रोपेनचाच सिलिंडर का नेऊ नये? सरळ उत्तर असं की आपल्याकडे घरगुती ग्राहकाला तो पर्याय समोर येतच नाही. वितरक देतो ते मिश्रण. निवड करायची वेळ येते ती छोट्या डब्यांपाशी. दुचाकीवर लडाखला निघालेली, गाडीच्या मागच्या सीटा काढून गादी टाकणारी तरुण मंडळी 220-230 ग्रॅमचे पत्र्याचे गॅसचे डबे ऑनलाइन मागवतात. त्यातले स्वस्त, लांबट डबे बहुधा निव्वळ ब्युटेनचे. कोकणात, महाबळेश्वरला, ताडोब्याला ते उत्तम चालतात. पांग किंवा सरचूला पहाटे ते खेळण्याइतकेच कामाचे. थंड मुलखासाठी आयसोब्युटेन आणि प्रोपेनच्या मिश्रणाचे, बुटके, स्क्रूचे डबे मिळतात. महाग असले तरी तेच घ्यावेत.

एवढ्यावर विषय संपला असता, तर तो हिमालयात जाणाऱ्यांपुरताच राहिला असता. वाशिमकराला थंडीपेक्षा मे महिना जास्त जपायला हवा. चाळीस अंशांना ब्युटेनचा दाब हवेच्या दाबापेक्षा साधारण पावणेतीन पट अधिक असतो, तर प्रोपेनचा साडेबारा पटींनी. पन्नास अंशांना ब्युटेन चारच्या आसपास राहतो, प्रोपेन सोळावर जातो. थंडीत प्रोपेनची जी ताकद कामी येते, तीच उन्हात अंगावर येते. लाल सिलिंडर जाड पोलादाचा, हा दाब धरूनच बनवलेला असतो. ब्युटेनचा डबा पातळ पत्र्याचा, एकदा वापरून टाकायचा. आणि नेमका तोच रिकामा डबा बारीक नळीच्या जोडणीनं घरच्या सिलिंडरवरून भरून घ्यायचा उद्योग चालतो! थोडक्या पैशांच्या गॅसवर नव्या डब्याचा खर्च वाचला, हा हिशेब. त्या डब्यात आता ब्युटेन नाही, प्रोपेन मिसळलेलं मिश्रण आहे. डब्यात वरची जागा मोकळी राहिली की नाही, कुणी मोजलेलं नाही. गॅसचा द्रव तापला की चांगलाच फुगतो, म्हणून कारखान्यात सिलिंडर काठोकाठ कधीच भरत नाहीत. हा डबा गाडीत, गाडी समृद्धी महामार्गाच्या कडेला उन्हात, काचा बंद. आतलं तापमान साठीपर्यंत जाऊ शकतं. बाजारात कोपऱ्याकोपऱ्यावर ‘छोटा सिलिंडर भरून मिळेल’ म्हणणाऱ्यांचे आयएसआय शिक्का नसलेले सिलिंडरही याच माळेचे मणी.

त्यापेक्षा तेल कंपन्यांचा पाच किलोचा सिलिंडर घ्यावा. इंडियन ऑइल त्याला ‘छोटू’ म्हणते. कनेक्शनची भानगड नाही, ओळखपत्र दाखवलं की वितरकाकडे किंवा ठरावीक पेट्रोल पंपावर मिळतो, आणि रिकामा देऊन दुसऱ्या गावी भरलेला घेता येतो. चौघांच्या कुटुंबाला आठ-दहा दिवस तो सहज पुरतो. घरचा 14.2 किलोचा लाल सिलिंडर यात्रा कंपनीच्या भट्टीला लावणं कायद्यात बसत नाही. त्यासाठी 19 किलोचा व्यावसायिक सिलिंडर आहे.

रेल्वेत तर कोणताच सिलिंडर नको. 26 ऑगस्ट 2023 ला पहाटे मदुराईच्या स्टेशनात उभ्या असलेल्या लखनऊच्या यात्रेकरूंच्या खासगी डब्याला आग लागली. लपवून आणलेल्या सिलिंडरवर चहा करण्याची खटपट चालली होती. नऊ माणसं गेली. ही यात्राही आपल्यासारखीच होती, सोबत आचारी आणि शिधा घेतलेली.

गॅस हवेपेक्षा जड, ब्युटेन दुप्पट आणि प्रोपेन दीडपट. गळला की वर जात नाही, गाडीच्या तळाशी, सीटखाली, गादीखाली साचतो. परदेशी मोटरहोममध्ये सिलिंडरच्या कपाटाला तळाशी भोकं असतात ती यासाठीच. आपल्याकडे गाडी सजवून देणारे कारागीर कपाट सुंदर बनवतात आणि भोकं विसरतात. ती आठवणीनं पाडून घ्यावीत, थेट रस्त्याकडे उघडणारी. गळतीला निदान वास तरी असतो. बंद जागेतल्या ज्योतीतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला तोही नाही. जानेवारी 2020 मध्ये नेपाळातल्या दामन इथं केरळचे आठ पर्यटक एका रिसॉर्टच्या खोलीत दगावले. थंडीमुळे त्यांनी गॅसचा हीटर आत घेतला होता, दारं-खिडक्या बंद होत्या. ऊब हवी असेल तर अंथरूण-पांघरूण वाढवा, शेगडी गाडीत पेटवून झोपू नका. या बाबतीत ब्युटेन काय नि प्रोपेन काय, दोघं सारखेच.

लेक-जावयाकडे इंग्लंडला गेलेल्या मंडळींना भाड्याची मोटरहोम मिळते तेव्हा ब्युटेन की प्रोपेन हा प्रश्न खरोखर समोर येतो. तिथं निळा सिलिंडर ब्युटेनचा आणि लाल प्रोपेनचा; आपल्याकडचा लाल म्हणजे मिश्रण, ही सवय तिथं घोटाळा करते. दोघांची तोंडंही वेगळी: निळ्यावर रेग्युलेटर खटकन बसतो, लालवरचा पान्यानं आवळावा लागतो. एकाचा रेग्युलेटर दुसऱ्यावर बसवण्याचा जुगाड तिथं कुणीही करू नये. उन्हाळ्यात निळा चालतो, ऑक्टोबरनंतर लालच घ्यावा. अमेरिकेत प्रोपेनच सर्रास, त्यामुळे तिथं डोक्याला ताप नाही.

निघण्याच्या आदल्या दिवशी काका तीन गोष्टी स्वतः बघतात, पोऱ्यावर सोडत नाहीत. नळी आयएसआय शिक्क्याची, तारेची जाळी असलेली आणि पाच वर्षांच्या आतली आहे का. जोडावर साबणाचं पाणी लावलं तर बुडबुडे येतात का. काडी पेटवून बघणाऱ्याला ते गाडीत चढू देत नाहीत. आणि सिलिंडरच्या वरच्या कड्याला धरणाऱ्या पट्टीवरचा शिक्का. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर, पुढे वर्षाचे दोन आकडे. ‘डी-27’ दिसलं तर डिसेंबर 2027 पर्यंत त्याची तपासणी व्हायला हवी. मुदत उलटलेला सिलिंडर वितरकाच्या दारातच परत करायचा. गळतीसाठी 1906 हा क्रमांक देशभर चोवीस तास चालतो. काकांनी तो ड्रायव्हरच्या केबिनमध्ये खडूनं नाही, ऑइलपेंटनं लिहून घेतला आहे.