पाळणाघरातील अपुरे मनुष्यबळ : शेवगावचा अनुभव आणि पालकांसाठी काही सूत्रे

आईवडील कामावर असताना सहा महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंतच्या मुलांना दिवसभर सांभाळणारी जागा म्हणजे पाळणाघर. आणि तेथे माणसे पुरेशी आहेत की नाहीत, हा प्रश्न वरवर पाहता साध्या भागाकाराचा वाटला, तरी प्रत्यक्षात तो वेळेचा असतो. पटावर अठरा मुले आणि कामावर दोन मावश्या असतील, तर कागदावर नऊ मुलांमागे एक असे समाधानकारक प्रमाण दिसते. परंतु दुपारी साडेबाराला एक मावशी स्वयंपाकघरात खिचडी गार करीत असते आणि दुसरी मोरीत एखाद्या बाळाला धूत असते, तेव्हा उरलेल्या सतरा मुलांकडे पाहणारे कोणीही नसते. कमी पडलेल्या माणसाचे काम नाहीसे होत नाही, ते कोणाच्या ना कोणाच्या अंगावर पडतेच. उरलेल्या मावशीवर, पाच वर्षांच्या थोरल्या मुलावर, घरच्या आजीवर, किंवा ज्याला सांभाळायचे त्या बाळावरच. हा भार कोण उचलीत आहे, हे शोधणे हे पालकाचे पहिले काम होय.

या संदर्भातील प्रमाणे देशाच्या धोरणात नमूद आहेत. केंद्र सरकारच्या २०१३ च्या राष्ट्रीय प्रारंभिक बाल्यावस्था संगोपन व शिक्षण धोरणाने तीन वर्षांखालील दहा मुलांमागे एक आणि तीन ते सहा वर्षांच्या वीस मुलांमागे एक प्रौढ व्यक्ती असावी, तसेच मुले कोणत्याही वेळी एकटी सोडली जाऊ नयेत, अशी अपेक्षा व्यक्त केली आहे. ही अपेक्षासुद्धा बेताचीच आहे, हे इंग्लंडच्या नियमाशी तुलना केल्यास लक्षात येते, कारण तेथे दोन वर्षांखालील तीन मुलांमागे एक प्रौढ असणे बंधनकारक आहे. वयानुसार प्रमाण बदलण्याचे मूळ बाळाच्या गरजांत आहे. अंगावर पिणारे किंवा रांगते बाळ भूक, ओल, ताप यांपैकी काहीही शब्दांनी सांगू शकत नाही आणि त्याच्या रडण्यातील फरक ओळखण्यासाठी त्याला रोज पाहणारा माणूस लागतो. चालू लागलेले मूल धोका ओळखत नाही, परंतु कडी काढू शकते. म्हणून सरासरी प्रमाण विचारण्याऐवजी वयोगटवार प्रमाण विचारणे अधिक उपयुक्त ठरते.

अहिल्यानगर जिल्ह्यातील शेवगाव तालुक्यात या प्रश्नाला हंगामाची जोड मिळते. कपाशी, ऊस आणि कांदा ही येथील महत्त्वाची पिके असून, दसऱ्याच्या सुमारास कापसाची वेचणी जोर धरते, दिवाळीनंतर साखर कारखान्यांचे गाळप सुरू होते आणि त्यामागोमाग कांद्याची लागवड येते. या सर्व कामांचा कणा बायका आहेत आणि पाळणाघरात किंवा अंगणवाडीत मदतनीस म्हणून राबणाऱ्या बायकाही याच घरांतल्या असतात. परिणामी ज्या काळात आया सर्वाधिक वेळ बाहेर असतात आणि मुलांना सांभाळणाऱ्यांची गरज वाढते, नेमक्या त्याच काळात सांभाळणारे हात रानात जातात. कारण वेचणीची मजुरी किलोवर रोखीने मिळते, तर पाळणाघरातील महिन्याचा पगार तुटपुंजा असतो आणि तोही अनेकदा उशिरा होतो.

प्रस्तुत लेखिकेने पालक या नात्याने शेवगावातील एका खासगी पाळणाघरात असा एक हंगाम जवळून पाहिला आहे. तेथील दोन मावश्यांपैकी एक दिवाळीनंतर परतली नाही, संचालिकेने आठवडाभरात दुसरी बाई आणण्याचे आश्वासन दिले, आणि तो आठवडा लांबत गेला; दरम्यान पटावरची मुले मात्र कमी झाली नाहीत, उलट नवे प्रवेश चालूच राहिले. तुटवड्याच्या खुणा मोठ्या नव्हत्या, परंतु रोज दिसत होत्या. सकाळी दिलेली दुधाची बाटली संध्याकाळी अर्धी भरलेली परत येई, लंगोटाच्या कडेने मांड्या लाल झालेल्या असत, आणि एरवी दुपारी तासभर झोपणारी मुले सायंकाळी न्यायला गेल्यावरही झोळीत पडलेली दिसत, कारण जागी मुले सांभाळण्यापेक्षा निजलेली सांभाळणे एकट्या बाईला सोपे जात होते. सर्वांत बोलकी खूण अशी की पाच वर्षांची एक मुलगी झोळीची दोरी हातात धरून भिंतीला टेकून बसलेली असे आणि कोणी विचारल्यास, मावशीने बाळाला हलवायला सांगितले आहे, असे गंभीरपणे उत्तर देई.

पुढे एका दुपारी, मावशी मोरीत असताना, अडीच वर्षांच्या एका मुलाने जाळीच्या दाराची कडी काढली आणि तो रस्त्याच्या कडेला पोहोचला. समोरच्या दुकानदाराने त्याला उचलून परत आणल्यामुळे अनर्थ टळला. त्या संध्याकाळी काही पालकांचा राग साहजिकच मावशीवर निघाला. परंतु ज्या बाईने दोन माणसांचे काम एकटीने रेटले होते, तिला बोल लावल्याने दार सुरक्षित होत नव्हते. तिने काम सोडले असते, तर दुसऱ्या दिवशी सांभाळणारे एकही माणूस उरले नसते. पुढच्या रविवारी पालकांनी एकत्र बसून संचालिकेसमोर चार गोष्टी मांडल्या: दुसरी बाई येईपर्यंत नवे प्रवेश बंद ठेवणे, बारा ते तीन या वेळेपुरती एक अनुभवी आजी रोजावर बोलावणे, दाराला मुलांच्या हाताबाहेर वरची कडी बसवणे, आणि मावशीचा पगार वाढवण्यासाठी पालकांनी शुल्कात थोडी भर घालणे. यांपैकी कडी दुसऱ्याच दिवशी बसली, आजी त्याच आठवड्यात आली, आणि नवी मावशी टिकली ती वाढलेल्या पगारामुळे.

या अनुभवातून निघणारे पहिले सूत्र असे की पाळणाघर पाहायला जाताना सकाळची प्रसन्न वेळ निवडू नये. मुले सोडण्याच्या वेळी सर्वजण हजर असतात. खरे चित्र दिसते ते जेवणाच्या आणि झोपेच्या वेळी, आणि संध्याकाळच्या शेवटच्या तासात, जेव्हा एक मावशी घरी गेलेली असते. अशा वेळी दहा मिनिटे शांतपणे उभे राहून, प्रत्येक क्षणी किती मुलांवर प्रौढ माणसाची नजर आहे, एवढेच मोजावे. त्यानंतर संचालिकेला तीन प्रश्न विचारावेत: एक मावशी आजारी पडल्यास तिच्या जागी कोण येते, स्वयंपाक आणि धुणीभांडी मुलांना सांभाळणारीच करते का, आणि गेल्या वर्षभरात किती जणींनी काम सोडले. पहिल्या प्रश्नाला एखाद्या व्यक्तीचे नाव घेऊन उत्तर मिळाले, तर व्यवस्था आहे असे समजावे. ‘बघू काहीतरी’ हे उत्तर मिळाले, तर ती नाही असे समजण्यास हरकत नाही.

दुसरे सूत्र नोंदीचे आहे. बाळाने किती वाजता काय खाल्ले, लंगोट केव्हा बदलला, किती वेळ झोपले आणि अंगावर काही लागले का, एवढ्या चार नोंदी असलेली साधी वही पाळणाघरात ठेवण्याचा आग्रह पालकांनी धरावा. ही वही मावशीवर पाळत ठेवण्यासाठी नसून तिच्या बाजूने पुरावा उभा करण्यासाठी असते, कारण एकाच बाईच्या अक्षरात दिवसभराच्या अठरा मुलांच्या नोंदी दिसू लागल्या, की माणूस कमी आहे हे संचालिकेला वेगळे पटवून द्यावे लागत नाही. तक्रार करतानाही ‘लक्ष दिले जात नाही’ असे मोघम लिहिण्यापेक्षा वार, वेळ, हजर मुले आणि हजर प्रौढ असे चार रकाने भरून लेखी द्यावे आणि पोच घ्यावी. मुलाला इजा झाली किंवा हयगय गंभीर असली, तर मुलांसाठीच्या १०९८ या मदत क्रमांकावर कळवावे. त्यासाठी इतर पालकांच्या संमतीची वाट पाहू नये.

तिसरे सूत्र पगाराचे आहे आणि ते पालकांना सर्वांत जड जाते. सांभाळण्याचे काम प्रेमाचे असल्याने त्याला मोल लावू नये, अशी समजूत आपल्याकडे रुजलेली आहे; परंतु या समजुतीची किंमत अखेर मुलेच मोजतात, कारण कमी पगारावर आलेली बाई मुलांना तिचा लळा लागेपर्यंत टिकत नाही. अंगणवाडी सेविकांचा लढा याच मुद्द्यावर उभा आहे. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये अंगणवाडी सेविका आणि मदतनीस उपदानास, म्हणजे दीर्घ सेवेनंतर मिळणाऱ्या एकरकमी रकमेस, पात्र असल्याचा निर्णय दिला. तरीही डिसेंबर २०२३ पासून जानेवारी २०२४ पर्यंत महाराष्ट्रातील सेविकांना मानधनवाढ, उपदान आणि निवृत्तिवेतन यांसाठी प्रदीर्घ संप करावा लागला. त्या काळात ज्या घरांतील मुलांचा आहार आणि आईची काही तासांची उसंत थांबली, त्या घरांनी संपाकडे केवळ गैरसोय म्हणून न पाहता, आपल्या मुलांच्या सांभाळाची मागणी म्हणून पाहणे रास्त ठरले असते.

ज्यांना खासगी पाळणाघर परवडत नाही किंवा ज्यांच्या गावात ते नाही, अशा कुटुंबांचा आधार अंगणवाडी हाच आहे. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेतून पूरक आहार, पूर्वशालेय शिक्षण, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा आणि पोषणाविषयीचे शिक्षण अशा सहा सेवा एक सेविका आणि एक मदतनीस यांच्यामार्फत पोहोचवायच्या असतात. त्यात गृहभेटी, सर्वेक्षणे आणि २०२१ पासून पोषण ट्रॅकर या मोबाइल उपयोजनावरील नोंदी यांची भर पडल्याने, सेविका बैठकीला किंवा भेटीला गेली की अंगणवाडी एकट्या मदतनिसावर येते आणि मदतनिसाचे पद रिकामे असले तर ती सेविकेच्या अनुपस्थितीत बंदच राहते. अशा वेळी पालकांनी पर्यवेक्षिका, म्हणजे अनेक अंगणवाड्यांवर देखरेख करणारी मुख्य सेविका, आणि पंचायत समितीच्या आवारातील बालविकास प्रकल्प अधिकारी यांच्याकडे रिक्त पदाबाबत लेखी अर्ज द्यावा आणि तोच विषय ग्रामसभेच्या इतिवृत्तात नोंदवून घ्यावा. इतिवृत्तात आलेली मागणी पुढील सभेत विचारता येते, तोंडी केलेली विसरली जाते. केंद्राच्या मिशन शक्ती अंतर्गत पाळणा योजनेत अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याची आणि त्यासाठी स्वतंत्र सेविका व मदतनीस देण्याची तरतूद आहे. वेचणी आणि ऊसतोड यांवर जगणाऱ्या गावांनी अशी अंगणवाडी-सह-पाळणाघराची मागणी ठरावाद्वारे करावी, कारण चार तासांची अंगणवाडी आईच्या दहा तासांच्या कामाला पुरत नाही.

तुटवड्याचे सर्वांत उघडे रूप उसाच्या फडात दिसते, कारण तेथे सांभाळणारे माणूस कमी नसते, ते मुळात नसतेच. पाथर्डी, शेवगाव आणि लगतच्या बीड जिल्ह्यातून निघणारी जोडपी, ज्यांना मिळून एक ‘कोयता’ म्हटले जाते, मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फेडण्यासाठी पहाटेच फडात उतरतात. शाळेत जाणाऱ्या भावंडांना गावी ठेवण्यासाठी हंगामी वसतिगृहाची सोय झाली, तरी अंगावरचे बाळ आईबरोबरच जाते आणि बांधावर साडीच्या झोळीत राहते. त्याला सांभाळण्यासाठी म्हणून थोरली बहीण शाळा सोडून कोपीवर, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या तात्पुरत्या झोपडीवर, नेली जाते. म्हणजे जो भार पाळणाघरातील त्या पाच वर्षांच्या मुलीने काही दुपारी उचलला, तोच येथे आठ-दहा वर्षांची मुलगी अख्खा हंगाम उचलते आणि त्यातच तिचे शिक्षण सुटते.

ही गुंतागुंत बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी फार पूर्वी ओळखली होती. १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू करून १९५७ नंतर कोसबाडच्या आदिवासी पाड्यांत काम करताना, धाकट्या भावंडांना सांभाळावे लागते म्हणून मुली शाळेत येत नाहीत, हे त्यांच्या ध्यानात आले आणि म्हणून पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच आवारात आणणाऱ्या विकासवाडीची रचना त्यांनी उभी केली. कायद्यानेही हे तत्त्व काही अंशी मान्य केले आहे. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्याने कामाच्या ठिकाणी महिलांसोबत पाच किंवा अधिक लहान मुले असल्यास त्यांना सांभाळण्यासाठी एका महिलेची नेमणूक करून तिला मजुरी द्यावी, असे ठरवले होते. खडी फोडण्याइतकेच मूल सांभाळणे हे मजुरीचे काम आहे, ही यातील खरी शिकवण असून ती फडावर, कारखान्याच्या आवारात आणि तालुक्याच्या गावातील खासगी पाळणाघरातही तितकीच लागू पडते.

म्हणून शेवगावसारख्या ठिकाणी पालकांनी हंगाम येण्याची वाट न पाहता, पोळ्याच्या सुमारासच आपल्या पाळणाघरात किंवा अंगणवाडीत जाऊन, वेचणीच्या महिन्यांत कोण थांबणार आणि कोण जाणार, हे स्पष्टपणे विचारावे. थांबणाऱ्या बाईचा पगार त्या महिन्यांपुरता वाढवण्याची तयारी ठेवावी. बदली म्हणून येणारी व्यक्ती आधीच काही दिवस मुलांत वावरेल असे पाहावे. आणि एवढे करूनही माणसे पुरली नाहीत, तर मुलांची संख्या कमी करण्याचा अप्रिय निर्णय संचालिकेसह सर्वांनी मिळून घ्यावा. प्रवेश नाकारलेल्या पालकाची अडचण खरी असते आणि तिच्यासाठी शेजारचे घर, नातलग किंवा पाळीपाळीने सुट्टी असा काही मार्ग काढता येतो; सांभाळणारे नसलेल्या खोलीत ठेवलेल्या मुलासाठी मात्र तसा कोणताही मार्ग मागाहून काढता येत नाही.