गोळीचं काय केलंस?

नगर,
रविवार, संध्याकाळ

चि. सोनू हिस,
प्रभू येशूच्या नावात आत्याचा सप्रेम सलाम.

आज उपासना सुटल्यावर तुझी मामी चर्चच्या दारात भेटली. तिने मला बाजूला घेऊन जे सांगितलं ते ऐकल्यापासून घास गोड लागत नाही. तू म्हणे थायरॉइडची गोळी बंद केलीस. कुणा बाहेरून आलेल्या प्रचारकाने डोक्यावर हात ठेवून सांगितलं की नाताळाच्या आत तुझी कूस उजवेल, पण गोळी खाशील तर तो अविश्वास ठरेल. आणि तू आजीच्या पाटल्या मोडून त्याच्या हातात पाकीट ठेवलंस. पाटल्यांचं जाऊ दे. गोळीचं खरं की खोटं, तेवढं मला कळव.

अगं, आपले आजोबा मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. पहाटे उठून गुडघे टेकायचे आणि आठाच्या ठोक्याला औषधाच्या बाटल्या भरायला बसायचे. ही दोन कामं एकमेकांच्या आड येतात असं त्यांच्या मनातही कधी आलं नाही. त्या घरातली मुलगी तू. मी स्वतः एवढी वर्षं वॉर्डात काढली, म्हणून स्पष्ट लिहिते. थायरॉइड कमी पडलं की पाळी बिघडते, दिवस राहणं अवघड होतं. आणि दिवस राहिलेच, तर पहिले तीन महिने बाळाच्या मेंदूची वाढ आईच्याच थायरॉइडवर चालते. त्याची स्वतःची ग्रंथी तोवर पुरेसं काम करू लागलेली नसते. म्हणजे ज्या बाळासाठी तू गोळी टाकलीस, त्याच्याच तोंडचं काढून घेतलंस. सकाळी उठल्याबरोबर, चहाच्या आधी, पाण्याबरोबर ती इवलीशी गोळी घ्यायची, यात अविश्वास कुठून आला?

हिज्कीया राजाची गोष्ट तुला मीच संडे स्कूलमध्ये शिकवली होती. तू बरा होशील, तिसऱ्या दिवशी मंदिरात जाशील, हे देवाने यशयाकडून त्याला कळवलं होतं. तरी यशयाने गळवावर अंजिराचा लेप लावायला सांगितलाच. दुसऱ्या राजे अध्याय २० काढ आणि पुन्हा वाच.

तू म्हणशील, सारेला नव्हती का तारीख मिळाली? मिळाली. पण ती तिने मागितली नव्हती, आणि तिच्यासाठी अब्राहामाने कुणाला पैसे मोजले नव्हते. वचन मिळालं तेव्हा तो पंचाहत्तरचा होता आणि इसहाक झाला तेव्हा शंभरचा. अलीशाने नामानाकडून बरं केल्याबद्दल काही घेतलं नाही. मागाहून पळत जाऊन रुपं घेणारा त्याचा चाकर गेहजी होता, आणि त्याचं काय झालं ते तुला ठाऊक आहे. देवाची वेळ पाकिटात घालून विकणाऱ्या माणसाकडे पुन्हा जाऊ नकोस. नाताळ झाल्यावर तो तुझ्या दारात येणार नाही. तेव्हा तू एकटी असशील, आणि दोष तुझ्याच विश्वासाला देत बसशील. मला भीती त्याची आहे. त्याची आणि गोळीची.

फार बोलले. मुलाची वाट पाहण्यातली सात वर्षं काय असतात हे बाहेरून सांगणाऱ्याला कळत नाही. धाकटीच्या लेकराच्या बाप्तिस्म्याला तू आली नाहीस तेव्हा सगळे तुला बोलले. मी बोलले नाही, कारण तुझ्या वडिलांच्या लग्नाच्या दिवशी मी ड्यूटी मागून घेतली होती. माझं ठरलेलं लग्न मोडून तेव्हा वर्षही झालं नव्हतं. मांडवात बायका विचारतील, आता तुझं काय, म्हणून. देव माझं काही करील तेव्हाच मी घरच्यांत मिसळेन, असा हट्ट धरून बसले होते. लग्न झालं नाही, त्याचं आता काही वाटत नाही. पण त्या दिवशीच्या फोटोत माझी आई आहे, आजी आहे, सगळे आहेत आणि मी नाही, ते मात्र अजून सलतं.

म्हणून मला हन्ना फार जवळची वाटते. शिलोत ती मुलासाठी अशी रडली की एलीला वाटलं, बाई प्यायली आहे. त्याने तिला आशीर्वाद दिला, तारीख दिली नाही. आणि ती उठली, जेवली, तिचा चेहरा पुन्हा उदास राहिला नाही. शमुवेल तेव्हा कुठे होता? काहीच झालेलं नव्हतं. आपण तिची गोष्ट शेवट माहीत असताना वाचतो, म्हणून सोपी वाटते. तिला तो माहीत नव्हता. रेव्हरंड टिळकांचंही तसंच. १८९५ साली त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि लक्ष्मीबाई त्यांच्यापासून दुरावल्या. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा व्हायला १९०० साल उजाडलं. आपण त्यांचं 'स्मृतिचित्रे' उघडतो तेव्हा पुढे काय होणार ते आपल्याला ठाऊक असतं. त्या दोघांना, तुटलेलं घर सांधत असताना, कोण सांगणार होतं?

मूल होईलच असं मी तुला लिहिणार नाही. मला ते माहीत नाही, आणि माहीत असल्याचं सोंग मला तुझ्यापुढे करवणार नाही. देव तुला विसरलेला नाही एवढं मात्र मी जाणते, माझ्या उभ्या आयुष्यावरून जाणते. तो उशीर करतो तेव्हा रागाव त्याच्यावर. हन्नाही कडूपणाने भरूनच बोलली होती. पण जेव गं पोरी. मामी म्हणाली, फार वाळलीस.

येत्या शुक्रवारी मी पिंपरीला येते. सकाळच्या बसने निघेन. टीएसएच तपासून घेऊ, तुझ्या डॉक्टरीणबाईंशी मी बोलेन. तुला काही सांगावं लागणार नाही. तोवर उद्यापासून गोळी चालू कर. येताना बाजरीचं पीठ आणते, ठेचा आणते. प्रार्थना दोघी मिळून करू, आणि तुला शब्द सुचले नाहीत तर मी करीन, तू नुसती बाजूला बस.

जावईबापूंना सलाम. त्यांनाही कुणी विचारत नसेल, तुम्ही कसे आहात म्हणून. मी विचारलंय म्हणून सांग.

तुझी,
आत्या

ता. क. पाटल्यांचं मी तुझ्या आईला सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. माझ्या दोन आहेत, त्यातली एक तुझीच आहे.